मा. परिवहन मंत्री यांस खुलं पत्र: २०२१ ला बुडालेली गाडी अजून माझ्या नावावर का?

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला आणि पाठोपाठ नोटीस, मोटार वाहन कायदा कलम १३३. तुमच्या नावावरच्या गाडीने एका मोटरसायकलवाल्याला धडक दिली, गाडी थांबली नाही, त्या वेळी कोण चालवत होतं त्याचं नाव, पत्ता, लायसन्स कळवा. मी काय कळवू? ती गाडी २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात बुडाली. इन्शुरन्स कंपनीने टोटल लॉस केली, म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं ठरवलं, क्लेम दिला, गाडी उचलून नेली, त्यानंतर मी ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, आजही माझंच नाव आहे म्हणून चौकशीला पण मीच.

जखमी झालेला माणूस हॉस्पिटलमध्ये आहे असं हवालदार म्हणाले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटतं हे आधी सांगते, कारण माझ्याइतकाच तोही या सगळ्यात फसलाय, त्याला नुकसानभरपाई द्यायला इन्शुरन्स असलेली गाडीच नाही. ज्याने धडक दिली तो कुठेतरी मजेत आहे.

त्याआधी चलानं आली होती. पहिलं आलं तेव्हा वाटलं चूक असेल, फोटो उघडून बघितला तर नंबर माझा, रंग पांढरा, मॉडेल तेच. पण नीट झूम करून बघितलं तर त्या गाडीला अलॉय व्हील आहेत आणि पुढे फॉग लॅम्प आहेत. माझी बेस मॉडेल होती साहेब, साधी लोखंडी चाकं, वरून प्लास्टिकच्या कॅप, त्यातली मागची डावी कॅप ताम्हिणी घाटात पडली ती मी परत घेतलीच नाही. म्हणजे एकतर माझीच गाडी नटवून रस्त्यावर आणलीय नाहीतर माझा नंबर, माझा चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो तो) दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीला लावलाय, आणि ती दुसरी गाडी कोणाची चोरलेली आहे का हे शोधायचं कोणी? ऑनलाइन तक्रार केली, फोटो जोडला, गोल करून दाखवलं, उत्तर आलं की वाहन क्रमांक जुळतो, तक्रार फेटाळली. वेगमर्यादेचं चलान आणि वर इन्शुरन्स नाही म्हणून २,००० रुपयांचं वेगळं.

इथेच माझं डोकं फिरलं, कारण या इन्शुरन्स नसल्याच्या चलानातच सगळी गोम आहे. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलला, म्हणजे गाड्यांच्या नोंदणीच्या ऑनलाइन रेकॉर्डला, माझ्या गाडीचा इन्शुरन्स संपलाय हे बरोबर कळतं. कसं कळतं? तर पॉलिसीची माहिती इन्शुरन्स कंपन्यांकडून तिथे जाते म्हणून. मग त्याच कंपनीने तीच गाडी टोटल लॉस करून पॉलिसी बंद केली हे त्याच पोर्टलला का कळत नाही? तार जोडलेली आहे, मग दंडाच्या कामाची माहिती तेवढी त्यातून येते आणि माझ्या सुटकेची येत नाही, हे कोणी ठरवलं?

आता गाडी गेली कशी ते सांगते, म्हणजे तुमच्या अधिकाऱ्यांनी परत मलाच विचारायला नको की बाई तुम्ही ट्रान्सफर का नाही केली. चिपळूणला माझं माहेर. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत गाडी लावलेली, पाणी पहाटे चढलं आणि दोन दिवसांनी उतरलं तेव्हा गाडीच्या आत सीटच्या वरपर्यंत गाळ, डॅशबोर्डच्या खाचांमधून चिखल गळत होता. इंजिन, वायरिंग, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळं गेलं. सर्व्हेयर आला, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर जातो म्हणाला, म्हणजे टोटल लॉस. आयडीव्ही ४ लाख १० हजार, त्यातून हजार रुपये एक्सेस, म्हणजे मालकाने सोसायचा वाटा, कापली, मग बँकेने तिचं कर्ज वळतं करून घेतलं आणि उरलं ते माझ्या हातात. त्यात नवी गाडी येत नाही, मी आजही लोकलने आणि रिक्षाने फिरते, पण त्याबद्दल तक्रार नाही, पूर आला, कितीतरी लोकांचं घर गेलं, दुकान गेलं, माझी गाडीच गेली.

तक्रार पुढची आहे. क्लेम सुटायच्या आधी माझ्याकडून काय काय घेतलं ते बघा. ओरिजिनल आरसी, दोन्ही चाव्या, डिस्चार्ज व्हाउचर (क्लेम मान्य असल्याची सही), स्टॅम्प पेपरवर हमीपत्र आणि फॉर्म २९, ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जांवर, नुसत्या सह्या. कोरे फॉर्म. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. मी विचारलं नाव कोणाचं येणार, तर म्हणे सॅल्व्हेज, म्हणजे ही भंगार झालेली गाडी, ऑनलाइन लिलावात जातं मॅडम, ज्याची बोली लागेल त्याचं, तुम्ही काळजी करू नका ट्रान्सफर तो करून घेईल. पूर उतरून चिखल काढून पाठ मोडलेली, आई आजारी, बँकेचा हप्ता चालू, अशा वेळी माणूस सही करतो, कोणीही करेल. आणि सही नाही केली तर क्लेम अडणार, त्यामुळे मर्जीचा प्रश्नच नव्हता. टो व्हॅन आली, बाहेरच्या राज्यातला माणूस होता, गाडी नेली.

कायदा मी वाचलाय साहेब, या प्रकरणाने वाचायला लावला. १९८८ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवायचं, आरसी पाठवायची, मग कार्यालय नोंदणी रद्द करणार. वाचायला किती सोपं. आता आरसी तर इन्शुरन्स कंपनीने घेतलेली. तरी मी कंपनीचं टोटल लॉसचं पत्र, गाडी ताब्यात घेतल्याची पावती, फोटो, सगळं घेऊन कार्यालयात गेले. तिथे सांगितलं की आरसीवर बँकेचा बोजा आहे तो आधी उतरवा, त्यासाठी बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आणा. बँकेने कर्ज संपल्यावर महिनोन्‌महिने एनओसी दिली नाही, दिली ती जुन्या पत्त्यावर गेली आणि हातात पडेपर्यंत तिची मुदत गेली, परत नवी. ती आणली तर म्हणे चेसिस नंबरचा तुकडा कापून आणा.

चेसिसचा तुकडा! अहो गाडीच माझ्याकडे नाही. ती माझ्या दारातून नेली तेव्हा अख्खी नेली, तुकडा कापायचा होता तर नेण्याआधी कंपनीने कापायला हवा होता. पण चेसिस कापली की सॅल्व्हेजची किंमत पडते, मग लिलावात बोली कोण लावणार, म्हणून ती कापत नाहीत हे मला एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत समजावलं, तुमच्या खात्यात कोणी समजावलं नाही. तो म्हणाला ताई तुमच्या गाडीच्या पत्र्याला काही भाव नव्हता, भाव होता तुमच्या कागदाला. चांगल्या आरसीची टोटल लॉस गाडी घ्यायची आणि तसलीच चोरीची गाडी आणून तिच्यावर हा नंबर चढवायचा. मला वाटलं फुगवून सांगतोय. पण २०२० मध्ये लखनौ पोलिसांनी नेमकी अशीच टोळी पकडली होती, टोटल लॉस गाड्यांचे कागद आणि चोरीच्या गाड्या, पेपरात सगळं आलं होतं. म्हणजे माझी गाडी बुडायच्या एक वर्ष आधीच सगळ्या देशाला हे माहीत होतं. तरी माझ्याकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या गेल्या आणि कोणी अडवलं नाही!

आणि आता सगळ्यात भारी अडचण. नोंदणी रद्द करायला परत गेले तर सिस्टीम अर्जच घेत नाही, का, तर गाडीवर चलानं बाकी आहेत. आधी चलानं भरा. म्हणजे जी गाडी माझी नाही, जिच्यात मी नव्हते, तिचा दंड मी भरायचा आणि भरला की ती गाडी माझीच आहे हे मी कबूल केल्यासारखं होणार, तेही पोलिसांची १३३ ची नोटीस माझ्या हातात असताना. वकिलाने स्पष्ट सांगितलं भरू नका. कार्यालय म्हणतं भरल्याशिवाय होणार नाही. रात्री झोप लागत नाही साहेब, दारावर बेल वाजली की पोलीसच वाटतात. सोसायटीत एकदा पोलीस येऊन गेले तर लोक लिफ्टमध्ये बघायला लागले. मी आयुष्यात सिग्नल तोडलेला नाही. माझी मुलगी विचारते, आई तुला कोर्टात जावं लागणार का.

जावं लागणारच आहे, कारण सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निकालात सांगून टाकलंय की गाडी विकली, पुढे अजून चार हातात गेली, तरी ज्याच्या नावावर नोंदणी तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. कोर्टाचं मला पटतं, जखमी माणसाने मालक शोधत गावोगाव का फिरावं? पण मग नोंदणी ताबडतोब बदलेल किंवा रद्द होईल याची हमी सरकारने घ्यायला नको का? मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी रेशन उचललं तर दुकानदाराला धरतात, इथे मात्र मेलेल्याच्याच घरच्यांना धरताय.

बरं, जे लोक सरळ मार्गाने गाडी परत उभी करतात त्यांचे पण हालच. माझ्या मावसभावाची गाडी त्याच पुरात गेली, त्याने नेट ऑफ सॅल्व्हेज घेतलं, म्हणजे भंगाराची किंमत क्लेममधून वजा आणि गाडी त्याच्याकडेच. सहा महिने गॅरेजमध्ये घालून इंजिन उघडलं, वायरिंग नवीन टाकलं, बिलं जपून ठेवली. आता त्याला फुल इन्शुरन्स कोणी देत नाही, जुना टोटल लॉस दिसतो म्हणतात, फक्त थर्ड पार्टी घ्या. आणि आरसीवर मात्र त्या टोटल लॉसचा एक शब्द नाही! तो उद्या गाडी विकायला गेला आणि खरं बोलला तर किंमत निम्मी, गप्प बसला तर पूर्ण. म्हणजे खोटं बोलणाऱ्याचा फायदा होईल अशी व्यवस्था. माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्याकडे अशी गाडी टोटल झाली की कागदावर सॅल्व्हेजचा शिक्का बसतो, रस्त्यावर आणायची तर दुरुस्त करून तपासणी करून घ्यायची, मग रीबिल्ट म्हणून नवा कागद, आणि तो शिक्का गाडीबरोबर कायमचा जातो, घेणाऱ्याला आधीच कळतं. तिथेही राज्याराज्याचे नियम वेगळे आणि चोर तिथेही असतील, पण निदान कागद खरं बोलतो.

आपल्याकडे काय? स्क्रॅपिंगचे नियम २०२१ मध्येच आले, त्यात अपघात, आग, नैसर्गिक आपत्तीत गेलेल्या गाड्यांचा उल्लेख आहे, अधिकृत स्क्रॅप केंद्राने सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी भंगारात जमा झाल्याचा दाखला, द्यायचं असतं. पण टोटल लॉस गाडी तिथेच गेली पाहिजे ही सक्ती दिसत नाही, ती लिलावात जाते आणि गायब होते. मला वर मेसेज आला की एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, एचएसआरपी म्हणजे नवी सुरक्षित नंबर प्लेट बसवा, ७४५ रुपये अधिक जीएसटी. कशाला बसवू? हवेला? मुदत तुम्ही किती वेळा वाढवलीत, त्यातली एक वेळ खर्च करून ज्या गाड्या अस्तित्वातच नाहीत त्या रेकॉर्डमधून काढायची मोहीम घेतली असती तर? त्या पुरात चिपळूणला शेकडो गाड्या गेल्या, कोल्हापूर, सांगली वेगळंच, त्याच्या आधी २६ जुलै २००५ ची मुंबई. त्यातल्या किती नंबरांवर आज कोणत्या गाड्या धावतायत हे तुमच्या खात्याने कधी मोजलंय का?

२०१८ ला गाडी घेतली तेव्हा ११ टक्के रोड टॅक्स एकरकमी भरला, साठ हजारांच्या आसपास, तोही पुढच्या पंधरा वर्षांचा. गाडी तीन वर्षं वापरली. नोंदणी रद्द झाली तर उरलेल्या टॅक्सचा परतावा मिळतो, पण नोंदणी रद्दच होत नाही त्यामुळे तोही नाही. पैसे घेताना सगळं फेसलेस, घरबसल्या, ओटीपी टाका झालं. द्यायची वेळ आली की खिडकी नंबर चार, साहेब मीटिंगला गेलेत, तुकडा आणा.

तुम्ही म्हणाल कायदा केंद्राचा आणि इन्शुरन्सचं नियमन हैदराबादला आयआरडीएआयकडे, माझ्या हातात काय. मीही तेच ऐकलंय सगळीकडे. केंद्राकडे लिहिलं की राज्याचं कार्यालय बघेल, इन्शुरन्स कंपनी म्हणते खरेदीदाराची जबाबदारी, खरेदीदाराचा नंबर बंद. पण नोंदणी कार्यालयं तुमच्या खात्याची आहेत ना? एवढं तर करता येईल की कंपनीचं टोटल लॉसचं पत्र आलं त्या दिवशी तो नंबर लॉक करा, त्यावर व्यवहारही नको आणि जुन्या मालकाच्या नावावर चलानही नको. चेसिसचा तुकडा मालकाकडे मागू नका, ज्याने गाडी ताब्यात घेतली त्या कंपनीकडे मागा. गाडी परत रस्त्यावर आणायची असेल तर आधी नाव बदला, तपासणी करा, आरसीवर ठळक नोंद करा, मगच चावी द्या. आणि चलान भरल्याशिवाय अर्ज नाही ही अट टोटल लॉसच्या केसमध्ये आजच काढा, त्याला केंद्राची वाट बघायची गरज नसावी. केंद्राशी बोलायचं ते बोलाच, तुमचं पत्र तिथे वाचलं जाईल, माझं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर नोटिशीला मी लेखी उत्तर दिलंय, टोटल लॉसचं पत्र आणि ताबा पावती जोडून. तो चलानचा फोटोही जोडलाय, अलॉय व्हीलवाला. टोलनाक्यांवर आणि सिग्नलवर तुमचे कॅमेरे आहेत, ती गाडी परवापर्यंत फिरत होती, तिला थांबवा. चालवणारा सापडेल, त्या जखमी माणसाला न्याय मिळेल आणि गाडी कोणाची चोरलेली असली तर त्यालाही परत मिळेल. कार्यालयातल्या माझ्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, मागाल तेव्हा पाठवते. उत्तर लेखी द्यावं, फोनवरचं आता मी धरत नाही.

आपली,
एक त्रस्त नागरिक, मुंबई