रामानुजनच्या वाढदिवशी रेडिओवर गाणी आणि गणित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, २०१२पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. शाळांमध्ये प्रतिमापूजन होतं, भाषणं होतात, भिंतीवर तक्ते लागतात. घरी मात्र त्याचा पत्ताही नसतो. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांना माझी विनंती आहे की त्या संध्याकाळी तासभर जुनी गाणी लावावीत आणि गाण्यागणिक एक गणित घालावं.

आकडा असलेली गाणी ओळीने वाजवली की झाला कार्यक्रम, असं मात्र होऊ नये. तशी गाणी रग्गड आहेत, यादी कोणीही करील. गाणं संपताना घरातलं कोणी ना कोणी हिशेबाला बसलं पाहिजे.

‘चलती का नाम गाडी’ घ्या. त्यात किशोरकुमार मधुबालाकडे गाडीदुरुस्तीचे पाच रुपये बारा आणे मागतो. चित्रपट १९५८चा, नवे पैसे १ एप्रिल १९५७लाच सुरू झाले होते, तरी गाण्यात आणे राहिलेच. मुलांना विचारावं, १६ आण्यांचा रुपया, तर ही रक्कम नव्या पैशांत किती? मुलं भागाकार करून ५ रुपये ७५ पैशांवर येतील. तोवर आजोबा ‘पावणेसहा’ म्हणून मोकळे झालेले असतील, कारण त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकलेले असतात. एका प्रश्नावर घरातल्या दोन पिढ्या अशा भिडाव्यात, हे मला फार हवं आहे.

त्या काळची गाणी तीन-सव्वातीन मिनिटांचीच का, हाही हिशेबाचाच भाग. १० इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला साधारण तेवढंच मावे. तीन मिनिटांत २३४ फेरे, आणि त्यात मुखडा, अंतरे, मधले वाद्यांचे तुकडे सगळं बसवायचं.

पण खरी गंमत तबल्यावरच्या ‘तिहाई’मध्ये आहे, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्यात. त्रितालाच्या मात्रा १६. समेवरून सुरुवात करून पाच मात्रांचा तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर आणायचा. लागोपाठ वाजवलं तर पाच त्रिक पंधरा, शेवटचा ठोका पंधराव्या मात्रेवर पडतो आणि सम हुकते. म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रा सोडायची. ५, १, ५, १, ५ म्हणजे १७, आणि सतरावी मात्रा हीच पुढच्या आवर्तनाची पहिली. नववीच्या वर्गात मी हे बाकांवर टाळ्या देऊन करून घेत असे. शेवटची टाळी सगळ्यांची एकदम पडली की मागच्या बाकांवरून आपोआप प्रश्न येई, ‘बाई, झपतालात कसं करायचं?’ झपतालाच्या मात्रा १०, म्हणून बेरीज ११ हवी. तुकडा तीनचा घ्यायचा, मध्ये एकेक मात्रा सोडायची, की जमलं. बीजगणिताला नाक मुरडणारी मुलं तेव्हा आपण समीकरण सोडवतोय हे विसरून गेलेली असत. रेडिओवर निवेदकाने मात्रा मोजाव्यात, केंद्रावरच्या तबलावादकांनी वाजवून दाखवावं आणि लगेच त्याच तालातलं एखादं जुनं नाट्यपद लावावं. रूपक तालाच्या सात मात्रांचं कोडं श्रोत्यांवर सोडावं.

भास्कराचार्यांशिवाय तर हा तास पुरा होणारच नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यांची ‘लीलावती’ पद्यात, त्यामुळे रेडिओला अगदी सोयीची. त्यातलं भुंग्यांचं गणित बघा. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढलं तर जितके येतील तितके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले. सुगंधाला भुललेला एक भुंगा रात्री कमळात कोंडला गेला आणि त्याची सखी बाहेर गुणगुणते आहे. तर थवा केवढा? आधी मूळ श्लोक चांगल्या आवाजात म्हणावा, मग भुंग्याचं एखादं जुनं भावगीत, आणि गाणं संपल्यावर उत्तर: ७२. मालतीकडे ६, त्यांच्यामागे ६४, आणि हे दोघं.

वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवावी, तेव्हा शाळेतली मुलं आणि नोकरीवरची माणसं दोघंही घरी असतात. प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं न चुकता सांगावीत. रूपकाचं उत्तर आठवड्याने, त्याच वेळी द्यावं.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा