इथं फडकं कोण मारते, असं विचारणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "मोबाइलात माह्यं नाव टाकू नको बापा," असं निघताना बजावलं होतं तुम्ही. आपल्या भागात ज्यांच्या राईस मिलमध्ये तुम्ही ब्लोअर, म्हणजे कोंडा-धूळ ओढणारे पंखे, बसवले ते ओळखतीलच. बाकीच्यांना नावाशी काय करायचं आहे?

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधकडच्या एका गावात माझं घर, आणि घराच्याच छपरीत वर्कशॉप. चार फूट बाय चार फुटाचं सीएनसी राउटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नक्षीप्रमाणे लाकूड कोरणारं मशीन. सागवानाच्या दारांवरचं कोरीव काम, देव्हारे, एमडीएफच्या (लाकडाचा भुगा डिंकाने दाबून केलेल्या फळीच्या) जाळ्या हे बारमाही. दिवाळी झाली, गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची नाटकांची जत्रा, सुरू झाली, की शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) आणि नाटकमंडळांच्या मोमेंटोंची घाई. मशीनने कधी दगा दिला नाही. छळलं ते धुळीने, आणि त्याहून जास्त धुळीवरचे इलाज विकणाऱ्यांनी.

आधी मोठा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला लावला. त्याची ओढ जबर, पण हवा थोडी. एमडीएफच्या पिठाने त्याचा कागदी फिल्टर बघता बघता चोंदायचा. मग शहरातल्या एका विक्रेत्याने दोन हॉर्सपॉवरचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर गळ्यात मारला. फरक पडत नाही म्हटलं तर तीन हॉर्सपॉवरचा घ्या म्हणाला. तो नको म्हटलं तर सायक्लोन घ्या, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ खालच्या ड्रममध्ये पाडणारं नरसाळं. तोही घेतला. फिटिंगला आलेला माणूस नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरच उभा, आतली कामं माझ्याकडून करवून घेतली, फोटो काढले आणि गेला. माझी बायको त्या विक्रेत्याला फोनवर म्हणाली, घरातल्या डब्यांवर धूळ बसते हो. तर म्हणतो कसा, "वहिनी, सुताराच्या घरी भुसा नाही तर काय सोनं सांडणार? लाकडाचीच तर धूळ आहे, नॅचरल आहे!"

नॅचरल! लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच छापून ठेवलं आहे. तंबाखूचा धूर ज्या पहिल्या गटात, त्याच गटात ही धूळ. नाकाच्या पोकळीचा कर्करोग हा त्यातला ठळक. एमडीएफमध्ये तर वरून फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, आणि तोही आता त्याच गटात आहे. माल विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने धुळीचा धंदा करू नये, आणि माहीत असून हसला असेल तर त्याच्याबद्दल इथे लिहिता येणार नाही असे शब्द मला येतात.

तर काकाजी, तुम्ही मंडईला पाहुणे म्हणून शेजारच्या घरी आला होता. मशीनचा आवाज ऐकून सहज डोकावला. सीएनसी तुम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं, हे तुम्ही स्वतःच सांगितलं. दोन मिनिटं स्पिंडलकडे, म्हणजे कोरणाऱ्या फिरत्या मोटरीकडे, पाहिलं, वर पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हेही विचारणार, मोटर किती हॉर्सपॉवरची?

तुम्ही विचारलं, "इथं फडकं कोन मारते?"

मी गोंधळून दाराकडे पाहिलं. बायको दारातच उभी होती, हातात चहाचा ट्रे. तुम्ही कप घेतला, त्यावर बशी झाकून खिडकीत ठेवला आणि तिलाच विचारलं, "सूनबाई, कुठं कुठं बसते? मोठी कुठं, बारीक कुठं? सांग बरं मले."

काकाजी, ती अगोदर माझ्याकडे बघत होती. आजवर कोणी विचारलं नव्हतं ना. मग सुरू झाली ती थांबेना. मशीनच्या आसपास पडतात ते छिलके, ते झाडून जातात, त्यांचं काही नाही. पण स्वयंपाकघरात डब्यांच्या झाकणांवर पांढुरका थर बसतो, तांदळाच्या पिठीसारखा. मशीन बंद करून हे जेवायला बसले तरी तो बसतच राहतो. सकाळी पुसलं की दुपारी बोट उमटतं. आणि सगळ्यात जाड थर कुठे, तर पिशवीच्या बरोबर वरच्या पाटईवर (माळ्यावर), जिथे मी कधी चढतच नाही आणि ती लोणच्याची बरणी काढायला चढते.

तुम्ही मान हलवत ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणालात, "मंग पिशवीतूनच येऊन राहिलं ना. मशीन गोळा करते अन् पिशवी घरभर वाटते."

इतक्या लोकांनी इतके पैसे घेऊन जे सांगितलं नाही, ते एका फडकं मारणारीच्या तोंडून तुम्ही काढून घेतलं. पिशवीचं कापड पातळ होतं. जे डोळ्यांना दिसतं ते तेवढं अडायचं, आणि छातीत खोल उतरतं ते अतिबारीक सरळ पार व्हायचं. उलट पंख्याच्या जोराने ते आणखी दूर उडायचं, म्हणजे ब्लोअर जितका मोठा तितकं घरात जास्त. तीन हॉर्सपॉवरचा घेतला असता तर काय झालं असतं याचा विचारच करवत नाही.

पुढचं सगळं इथे लिहीत बसत नाही, पण उदबत्तीचं सांगायलाच हवं. देवघरातून एक पेटवून मागितली आणि ब्लोअर चालू करून तिचा धूर सायक्लोनखालच्या ड्रमच्या झाकणाभोवती फिरवलात. एका जागी धुराची रेघ वाकली आणि झाकणाच्या फटीत शिरली. "खालून हवा शिरली का सायक्लोनचं काम संपलं," म्हणालात. "खाली बसलेला कोंडा तीच हवा परत वर नेते. मिलमधी बी असंच होते." सायकलची जुनी ट्यूब कापून झाकणाला बसवली. खर्च शून्य. त्या आठवड्यात ड्रम भरला आणि पिशवीत जवळपास काही नव्हतं.

मग शूकडे, म्हणजे स्पिंडलभोवतीच्या धूळ ओढणाऱ्या तोंडाकडे, वळलात. चार इंची पाइप स्पिंडलजवळ येऊन दोन इंची केला होता. विक्रेत्यानेच तसं दिलं होतं. व्यास अर्धा म्हणजे तोंड पावच उरलं, तिथून हवा जाईल किती? वर तो कडीकडीचा लवचिक पाइप लांबच लांब लोंबत होता. तो मशीनला हलायला लागतो तेवढाच ठेवायला लावला, बाकी सगळा गुळगुळीत पीव्हीसी, चार इंची, शूपर्यंत. उन्हाळ्यात पाइपला हात लागला की करंट मारायचा, तर त्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडली.

आणि ब्लोअर-पिशवी थेट भिंतीबाहेर, टिनाच्या आडोशाला. मी म्हटलं, मग खोली बंदच ठेवतो, बाहेरची धूळ नको. तुम्ही हसलात. "कूलर लावतो तं मागची खिडकी उघडी ठेवतो का नाही? हवा बाहेर काढाची हाय तं आत येईन कुठून?" विदर्भातल्या माणसाला याहून सोपं कोण समजावणार? समोरची जाळीची खिडकी आता काम सुरू असेपर्यंत उघडी असते.

जाड फेल्टची पिशवी लावली तेव्हा पहिले काही दिवस थोडी धूळ गळत होती. मी घाबरून तुम्हाला फोन केला. तेव्हा कळलं की आतून थर धरला की कापड बारीक धूळ अडवायला लागतं, म्हणून ती उगाच रोज झटकायची नाही. हेही कोणत्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

जेवताना, लाखोरीच्या डाळीचे वडे खाता खाता, तुम्ही मिलमधल्या बायांचं बोलला होता. कोंड्याच्या खोलीत झाडायला बाया असायच्या, पदर नाकाला बांधून. मशीन बिघडली की मालक नागपूरहून इंजिनिअर बोलवायचा, आणि कुठून गळते हे त्या बायांना आधीच ठाऊक असायचं. "म्या त्यायलेच विचारत जावो," असं तुम्ही म्हणालात आणि आणखी एक वडा मागितलात. शिकलेली माणसं मी खूप पाहिली काकाजी, आणि शिकलेल्यांवर माझा राग नाही. पण घरात शिरल्यावर आधी कोणाशी बोलायचं, ही अक्कल कुठल्या आयटीआयात शिकवतात कोण जाणे. तुमच्यासारखी माणसं गावोगाव आहेत, मिलमध्ये, जिनिंगमध्ये, वायंडिंगच्या दुकानांत. त्यांना कोणी एक्स्पर्ट म्हणत नाही, म्हणून त्यांचा फोन नंबर कोणाकडे नसतो.

आता धूळ शून्य झाली असं नाही. एमडीएफ कापताना आणि ड्रम रिकामा करताना मी एन-९५ लावतोच, तुम्ही सांगितलं तसं. कोरडा झाडू वर्कशॉपमधून हद्दपार झाला आहे. पाटईवरची बरणी मात्र स्वच्छ राहते. सूनबाईने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

त्या दिवशी पैशाचं काढलं तर तुम्ही रागावलात आणि बसचं भाडंसुद्धा घेतलं नाही. ते मला पटलेलं नाही. ब्लोअरची बेअरिंग थोडा आवाज करून राहिली आहे, त्या निमित्ताने या. यावेळी मजुरी घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही, आणि वड्यांची डाळ भिजवायची असल्यामुळे आदल्या दिवशी फोन करा.

तुमचा,
नवेगावबांधकडचा राउटरवाला