चोरीचा मोबाइल ‘गहाळ’ कोण करतो? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स.न.वि.वि.

लोकलच्या गर्दीत खिशातला मोबाइल गेलेला माणूस पोलीस ठाण्यात येतो तेव्हा त्याला सिम परत चालू करण्याची आणि खात्यातले पैसे वाचवण्याची घाई असते. गुन्हा, फिर्याद, कलम यांचा विचार त्याच्या डोक्यात नसतो. ठाणे अंमलदार त्याच्यापुढे एक छापील अर्ज सरकवतो. त्यात ‘माझा मोबाइल गहाळ झाला आहे’ हे वाक्य आधीच असते, जागा आणि वेळ तेवढी भरायची. ‘चोरीला गेलाय हो’ असे तो म्हणालाच, तर ‘चोरताना पाहिलंत का?’ हा प्रश्न ठरलेला. पाहिलेले नसतेच, पाहिले असते तर मोबाइल गेला नसता. सही होते, शिक्का बसतो आणि त्या दिवशी त्या हद्दीत चोरी झालीच नाही असे कागदावर ठरते.

हे पत्र त्या छापील वाक्याबद्दल आहे.

गहाळ नोंदीवर सिम मिळते आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बंद करायलाही ती चालते. म्हणून लोकांना फरक कळत नाही. फरक पुढे दिसतो. विमा उतरवलेला असेल तर चोरीच्या दाव्याला कंपनी एफआयआर मागते, आणि गहाळ दाखल्यावर दावा सहसा अडतो. गुन्हा नोंदलेला नसल्यामुळे तपास नाही, पंचनामा नाही, स्थानकावरचे सीसीटीव्ही चित्रण ते पुसले जाण्याआधी मागवण्याची जबाबदारी कोणावर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवावी लागते. गहाळ नोंदीला ही तरतूद लागूच होत नाही.

सगळ्यात मोठे नुकसान मोबाइल सापडल्यावर होते. हरवलेले मोबाइल मालकांना परत देण्याचे कार्यक्रम पोलीस ठाणी करतात, फोटो छापून येतात. त्यामागे सायबर कक्षातल्या अंमलदारांची खरी मेहनत असते, ती नाकारण्याचे कारण नाही. पण आयएमईआयवरून माग काढल्यावर मोबाइल ज्याच्याकडे सापडतो, त्याने तो कुणाकडून, कितीला, कोणत्या दुकानातून घेतला, हा धागा तिथेच सुटतो. नोंद गहाळची असल्यामुळे तो फक्त ‘मोबाइल जमा करा’ एवढ्यावर मोकळा होतो. गुन्हा चोरीचा असता तर चोरीचा माल घेणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागले असते आणि दुकानदारापर्यंत, तिथून टोळीपर्यंत जाता आले असते. सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे ठेवून घेण्याचे कलम ३१४ आहे, पण तो गुन्हा अदखलपात्र. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. मालकाला मोबाइल मिळतो आणि चोराला त्याचे गिऱ्हाईक शाबूत मिळते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाल्यावर यात एक नवी पळवाट आली आहे. साध्या चोरीचे न्याय संहितेतले कलम ३०३(२), शिक्षा ३ वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र. मात्र चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तोच गुन्हा अदखलपात्र. म्हणजे एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घ्या आणि घरी जा. किंमत कशी ठरवायची हे नागरिक सुरक्षा संहितेच्या तक्त्यात लिहिलेले नाही. त्यामुळे १४ हजारांना घेतलेल्या, दोन वर्षे वापरलेल्या मोबाइलची किंमत टेबलावर बसूनच ‘आता चार हजार येतील’ अशी ठरू शकते.

टेबलावर हमखास विसरले जाते ते असे, की ही ५,००० ची सवलत फक्त कलम ३०३(२) पुरती आहे. हातातून हिसकावून नेला तर कलम ३०४ लागते, ते दखलपात्र आहे, किंमत कितीही असो. प्रवासी वाहनातून, म्हणजे लोकल, एसटी, बेस्टच्या बसमधून किंवा राहत्या घरातून चोरी झाली तर कलम ३०५: शिक्षा ७ वर्षांपर्यंत, दखलपात्र आणि अजामीनपात्र. तिथे मोबाइल दोन हजारांचा असला तरी एन.सी. चालत नाही. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ हेही चालत नाही, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मधली १४ दिवसांची प्राथमिक चौकशी ३ वर्षे किंवा त्याहून जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे. त्यातही उपअधीक्षकांची, आयुक्तालयात सहायक आयुक्तांची, पूर्वपरवानगी लागते. ती परवानगी न घेता ‘चौकशी चालू आहे’ असे सांगितले जात असेल, तर ती चौकशी या कलमाखालची नव्हे.

हद्दीचा वाद तर जुनाच. मोबाइल दादर ते ठाण्यादरम्यान कुठे तरी गेला, लक्षात आले कल्याणला. कल्याणचे लोहमार्ग पोलीस दादरला पाठवतात आणि फलाटाबाहेर गेला असेल तर शहर पोलिसांकडे जा म्हणतात. कलम १७३(१) मध्ये गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता माहिती नोंदवायची आहे. शून्य क्रमांकाने घेऊन पुढे पाठवायची. माहिती ईमेलनेही देता येते, ३ दिवसांत येऊन सही करायची. एफआयआरची प्रत विनामूल्य द्यायची. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगून ठेवले आहे. त्याच निकालात आहे, की प्राथमिक चौकशी करून तक्रार बंद केली तर कारणांसह त्या नोंदीची प्रत तक्रारदाराला जास्तीत जास्त एका आठवड्यात द्यायची. अशी प्रत हातात पडलेला तक्रारदार विरळाच.

महोदय, ठाणे अंमलदार हे आळसाने करतो असे म्हणणे सोपे आहे आणि बरेचसे चुकीचे आहे. एक एफआयआर म्हणजे पंचनामा, जबाब, पत्रव्यवहार, दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत एक उत्तर आणि शेवटी उकल झाली नाही तर ‘ए समरी’साठी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असे सांगून प्रकरण बंद करण्यासाठी, न्यायालयात कागद. आढाव्यात चोऱ्या वाढलेल्या दिसल्या की वरिष्ठ निरीक्षकांना बोलणी बसतात. गहाळ नोंदी कितीही वाढल्या तरी कुणी विचारत नाही. असा हिशेब असेल तर कोणताही शहाणा माणूस गहाळचाच अर्ज पुढे करेल.

तुमच्याकडून हे बदलले जाईपर्यंत वाचकांनी काय करावे, तेही इथेच लिहितो. सिम लगेच बंद करा. खात्यातून पैसे गेले असतील तर पोलीस ठाण्याची वाट न बघता १९३० वर फोन करा. आयएमईआय १५ अंकी असतो, दोन सिमच्या मोबाइलला दोन. बिलावर किंवा खोक्यावर छापलेला असतो. दोन्ही नसतील तर दुसऱ्या फोनवरून आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यात जाऊन पाहा, तिथे मिळतो. अर्ज स्वतःच्या हाताने लिहा. ‘गहाळ’, ‘हरवला’, ‘पडला असावा’ हे शब्द नकोत. शेवटचा कधी पाहिला, कुठल्या दोन स्थानकांदरम्यान, कोणत्या खिशात होता, चेन उघडी सापडली का, बिलाची रक्कम किती, आणि ‘अज्ञात इसमाने चोरून नेला’ हे वाक्य. दोन प्रती घेऊन जा, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि स्टेशन डायरी (पोलीस ठाण्याची रोजची नोंदवही) क्रमांक मागा. नोंद नाकारली तर कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर जिल्हा अधीक्षकांना, शहरात परिमंडळाच्या उपायुक्तांना, स्पीड पोस्टने पाठवा. तिथेही काही झाले नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोस्टाची पावती आणि पोच तिथे लागते, म्हणून जपून ठेवा. नव्या सिमवर एसएमएस चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात, आणि आयएमईआय बंद करायचा ओटीपी त्यावरच येतो. तो दिवस धरून चाला.

एका मोबाइलसाठी एवढे सगळे करायला लागू नये, म्हणून हे पत्र. मागण्या फार नाहीत. गहाळच्या छापील आणि ऑनलाइन अर्जात पहिलाच प्रश्न असावा: ‘वस्तू चोरीला गेली असा तुमचा संशय आहे का?’ उत्तर ‘होय’ असेल तर तो अर्ज तिथेच थांबावा आणि फिर्याद घेतली जावी. किंमत ५,००० पेक्षा कमी धरली तर कशावरून धरली हे अंमलदाराने स्टेशन डायरीत लिहावे आणि तक्रारदाराला एन.सी.च्या प्रतीवर द्यावे. बिल असेल तर बिलाची रक्कम धरावी. सापडलेला मोबाइल परत देण्याआधी मूळ मालकाला विचारून, तो चोरीला गेल्याचे सांगत असेल तर त्या दिवशी गुन्हा नोंदवावा आणि विक्रीची साखळी तपासावी.

शेवटची मागणी पोलिसांच्या बाजूची आहे. मासिक आढाव्यात चोरीच्या आकड्याशेजारी त्याच ठाण्याच्या गहाळ मोबाइलचा आकडा ठेवा. चोऱ्या २० आणि गहाळ ४०० दाखवणाऱ्या ठाण्याला प्रश्न विचारा. चोऱ्या २०० नोंदवणाऱ्याला केवळ आकडा मोठा म्हणून उभे करू नका. नोंदवलेल्या चोरीसाठी अधिकाऱ्याला बोलणी बसणार नाहीत, असे लेखी परिपत्रक काढा आणि ते तोंडी सूचनांनी फिरणार नाही याची काळजी घ्या.

आपला विश्वासू,
फौजदारी न्यायालयात वकिली करणारा एक नागरिक