प्रवासाच्या डब्यात घरची नानकटाई

महोदय,

सुट्टीत मोटारीने कोकणात उतरणारी कुटुंबे हल्ली सोबत क्रीमचे केक घेतात. घाटातल्या वळणांवर, तापलेल्या डिकीत त्या क्रीमचे काय होते, हे सांगायला नको. त्यापेक्षा साजूक तूप व पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसून, मैदा, थोडे बेसन आणि वेलदोड्याची पूड घालून १६० अंशांवर भाजलेली नानकटाई बरी, कारण तिच्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसल्याने ती आठवडाभर सहज टिकते. मात्र पूर्ण निवल्याशिवाय ती डब्यात भरू नये, अन्यथा वाफ धरून मऊ पडते. आणि डबा गच्च भरावा, म्हणजे खड्ड्यांतून (त्यांविषयी आपण लिहीत असताच) भुगा होत नाही. आपल्या पुरवणीत अशा खाऊच्या पाककृतींना जागा मिळावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे