चि. मृणालला, गाडीवरच्या कामाबद्दल

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. आजोबांचं बीपी २१०/११०, उजवा हात गळालेला, बोलणं अडखळतंय, आणि घरात जमलेले सगळे ‘डॉक्टर, आधी बीपी उतरवा’ म्हणून तुझ्या मागे लागलेले. तू काही न देता त्यांना रुग्णवाहिकेच्या गाडीत घेतलंस आणि आता मला विचारतेस, बरोबर केलं ना? बरोबर केलंस. फोनवर हे नीट बोलणं होत नाही, मधेच तुझी केस येते, म्हणून लिहून पाठवते.

लकव्यात मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद झाली की तिच्यापुढचा सगळा भाग लगेच मरत नाही. मुख्य पाट तुंबल्यावर शेजारच्या चाऱ्यांतून झिरपेल तेवढ्या पाण्यावर पीक तग धरतं, तसा तो भाग आजूबाजूच्या बारीक नळ्यांवर जगत असतो. त्या नळ्यांत रक्त ढकलायला शरीर स्वतःच दाब चढवतं. तो दाब घाईने उतरवला तर वाचू शकणारा भागही जातो. नळी फुटून रक्तस्राव झाला असेल तर हिशेब उलटा, तिथे दाब लवकर आटोक्यात आलेला बरा. पण दोन्हींत हात सारखाच गळतो आणि तोंड सारखंच वाकडं होतं. कुठलं काय, हे मेंदूचा सीटी स्कॅन झाल्याशिवाय मोठ्यातल्या मोठ्या न्यूरोलॉजिस्टलाही खात्रीने सांगता येत नाही. २०२४ साली चीनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. सुमारे २,४०० रुग्णांपैकी निम्म्यांचं बीपी रुग्णवाहिकेतच उतरवून पाहिलं होतं. एकूण फायदा काही दिसला नाही. रक्तस्राववाल्यांना उपयोग झाला, गुठळीवाल्यांचं नुकसान. तुझ्या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

आमच्या वेळी बीपी झटकन उतरवायला निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची पद्धत सर्रास होती. काही घरांतल्या डब्यांत ती अजून सापडेल, तर ती हळूच बाजूला ठेवायला सांग. अ‍ॅस्पिरिनही नाही, हार्ट अटॅकचा नियम इथे चालत नाही. पाणी, चहा, साखरपाणी काहीच तोंडात नको, गिळणं बिघडलेलं असलं तर ते थेट फुफ्फुसात जातं. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या वर असेल तर मास्क लावायची घाई नको. सलाइनची सुई चांगल्या हाताला.

मात्र एक गोष्ट सगळ्यांत आधी: बोटाला टोचून साखर बघ. साखर उतरली की हुबेहूब लकव्यासारखं चित्र दिसतं, अगदी एका बाजूचं अंगसुद्धा जातं. मधुमेहाची गोळी घेतली आणि एकादशी आहे म्हणून जेवल्या नाहीत, अशा आज्या तुला खूप भेटतील. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी रुग्णवाहिकेसाठी जी चाचणी बसवली, तिच्यात साखर ६० ते ४०० च्या दरम्यान असणं ही अटच आहे. साठच्या खाली असेल तर शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, दे आणि पुन्हा बघ.

तोंड, हात, बोलणं ही त्रिसूत्री तुला कॉलेजात शिकवलीच असेल. १९९०च्या दशकात सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी लांबलचक तपासणीतून या तीनच गोष्टी उचलल्या, कारण त्या कुणालाही मिनिटाभरात बघता येतात. पण पुस्तकातली चाचणी पाटण तालुक्यात करायची तर थोडं वेगळं लागतं. दात दाखवायला सांगण्याआधी गालात तंबाखू किंवा मिश्री नाही ना ते बघ, नाहीतर एक गाल फुगलेला दिसतो आणि फसायला होतं. बाईने पदर तोंडावर घेतला असेल तर घरातल्या बाईकडून बाजूला करून घे. पुरुषांना थोडं मागे सरकव. हात समोर, तळवे वर, डोळे मिटून दहा सेकंद. हात पूर्ण पडला नाही तरी तळवा आत वळून हात खाली सरकू लागला तर ती खूण पक्की. म्हाताऱ्या शेतकऱ्याचा खांदा आधीच धरलेला असतो, तेव्हा ‘काल हा हात वर जात होता का?’ हे घरच्यांना विचार.

बोलण्यासाठी त्यांना नवं वाक्य म्हणायला लाव, ‘उद्या कराडच्या बाजारातून बी आणायचं आहे’ असं काहीतरी. अभंग, आरती, पाढे नकोत. वाचा गेलेला माणूसही कधी कधी पाठ असलेला अभंग घडाघड म्हणतो, शिव्याही नीट देतो, आणि घरचे म्हणतात, बघा, बोलतायत की! काही जण भराभर बोलतात पण शब्दाला शब्द लागत नाही. अशांना ‘प्यायलाय’ किंवा ‘बाहेरचं झालंय’ म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवतात. काल ठीक होता आणि आज अचानक असं बोलतोय, एवढं कळलं की पुरे.

दोन प्रकार या तिन्ही चाचण्यांतून निसटतात, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. पहिला मेंदूच्या मागच्या भागातला. एकाएकी गरगरतं, उलट्या होतात, दोन-दोन दिसतं. हात-तोंड ठीक, म्हणून ‘पित्त झालंय’ म्हणत घरीच ठेवतात. अशा माणसाला आधार देऊन खाटेच्या काठावर बसव. आधाराशिवाय बसताच येत नसेल, एका बाजूला कलंडत असेल, तर पित्त समजू नकोस. दुसरा मेंदूच्या उजव्या भागातला. त्याची डावी बाजू गेलेली असते पण त्याला ते कळतच नाही. ‘मला काही झालेलं नाही, उगाच गाडी बोलावली’ असं तो ठणकावून सांगतो, आणि घरच्यांनाही तेच ऐकायचं असतं. नजर उजवीकडे खिळली आहे का, डावीकडून बोललं तर तो वळतो का, ते बघ. असं एका बाजूला ओढलेले डोळे म्हणजे बहुधा मोठी नळी बंद आहे. तिथे नुसतं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पुरत नाही, तारेने गुठळी ओढून काढावी लागते. २०१५ पासून हा उपचार ठामपणे सिद्ध झालाय आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येतो, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. म्हणून ही खूण फोनवर आवर्जून सांग.

आता घड्याळ. खरं तर हे पत्र मी यासाठीच लिहायला घेतलं. गाडीत तू मेंदूवर काहीच उपचार करू शकत नाहीस, पण एक गोष्ट फक्त तूच आणू शकतेस: माणूस शेवटचा धड कधी होता, ती वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन १९९५ च्या अभ्यासाप्रमाणे तीन तासांच्या आत द्यायचं होतं, २००८ मध्ये ती मर्यादा साडेचार तासांवर गेली. तास मोजायचे ते लक्षण दिसल्यापासून नाहीत, तर धड असल्याचं शेवटचं कुणी पाहिलं तेव्हापासून. ‘सकाळी उठले तर असं’ म्हणाले तर वेळ आदल्या रात्री झोपल्याची धरावी लागते. पण मधे पहाटे लघवीला उठले होते का? चालत गेले का? कुणाशी बोलले का? या एका प्रश्नाने पाच-सहा तास परत मिळू शकतात.

‘किती वाजता?’ असं विचारून खेड्यात उत्तर येत नाही, किंवा खोटं येतं, कारण डॉक्टरला काहीतरी सांगायचं म्हणून सांगतात. डेअरीला दूध घालून आले तेव्हा कसे होते? सहाची एसटी गेली होती का? मोबाइलवर शेवटचा फोन कुणाला केला? तो फोन उघडून बघ, तिथे वेळ लिहिलेलीच असते.

आणि गाडीत कोण चढतंय याकडे लक्ष ठेव. पुढारपण करणारे दोन पुरुष चढतात, ज्यांनी काहीच पाहिलेलं नसतं. जिने पाहिलं ती सून घरी राहते, गुरं आणि पोरं बघायला. मग इकडे कॅज्युअल्टीत आम्ही विचारायचो आणि ते एकमेकांकडे बघायचे. सुनेला गाडीत घे. नाहीच जमलं तर तिचा नंबर घे आणि तो लागतो का ते तिथेच बघ. गोळ्यांची पिशवीही उचल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सगळा निर्णय बदलतो.

काही घरांत आधी वैदूकडे न्यायचं ठरलेलं असतं. पारव्याचं रक्त चोळायचा प्रकार तू स्वतः ऐकला असशील. तिथे वाद घालू नकोस, वाद घालण्यात वीस मिनिटं जातात. ‘ते नंतर करा, इंजेक्शनची वेळ मात्र आजच्या दुपारपर्यंतच आहे’ एवढंच सांग. वेळेचा शेवट ऐकला की माणसं हलतात, असा माझा अनुभव.

तू पोचेपर्यंत सगळं बरं झालेलं असलं तरी माणसाला सोडून येऊ नकोस. हात दहा मिनिटं गेला आणि परत आला, तर पुढचे दोन दिवस मोठ्या झटक्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. सही घेऊन परत फिरणं सोपं असतं, कागदावर बरोबरही दिसतं. तरी अर्धा तास समजावण्यात गेला तरी चालेल, इथे घाई नको.

राहिला प्रश्न न्यायचं कुठे. ग्रामीण रुग्णालयांत सीटी सहसा नसतो. तिथे थांबून मग कराडला पाठवलं तर जाणारा वेळ परत येत नाही. श्वास आणि नाडी ठीक असेल तर कॉल सेंटरच्या डॉक्टरशी बोलून थेट सीटी असलेल्या ठिकाणी जाण्याची परवानगी माग. निघतानाच तिथल्या कॅज्युअल्टीला फोन कर: वय, शेवटची धड वेळ, कुठली बाजू, साखर, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी आहे की नाही. सिस्टरच फोन उचलेल. तिला पाच मिनिटं आधी कळलं तर ती सीटीचं टेबल अडवून ठेवू शकते. दारात स्ट्रेचर आल्यावर तिच्याही हातात काही राहत नाही.

कोयनेच्या पट्ट्यापासून कराड-साताऱ्यापर्यंत कुठे सीटी आहे, रात्री तंत्रज्ञ हजर असतो की घरून बोलवावा लागतो, इंजेक्शन ठेवतात का, याची यादी या आठवड्यात फोन करून बनव. मशिन आहे म्हणजे ते चालू आहे असं धरू नकोस. एक प्रत गाडी चालवणाऱ्या पायलटदादांकडे दे. रस्ता त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतो, आणि पावसाळ्यात कुठला घाट बंद आहे हेही.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत बघून घे. बाबा बरे आहेत, तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलंय.

तुझी,
आई