हायड्रोजनच्या ट्रकसाठी थांबू नकोस

प्रिय उल्हास,

तुझा मेसेज मिळाला. "हायड्रोजनचे ट्रक येतायत म्हणे, मग आता डिझेलची नवीन गाडी घेऊ की दोन वर्षं थांबू?" पात्रांव, याचं उत्तर फोनवर टाईप करत बसलो तर अर्ध्यातच सोडून देणार, म्हणून सरळ पत्र लिहितोय. थांबू नकोस, घे गाडी. का ते सांगतो.

बातमी खोटी नाही. टाटांनी मार्च 2025 मध्ये हायड्रोजन ट्रकची ट्रायल सुरू केली, 16 गाड्या, 24 महिन्यांपर्यंत, मुंबई, पुणे, दिल्ली, सुरत, वडोदरा, जमशेदपूर, कलिंगनगर या भागातल्या रूटवर. रेंज 300 ते 500 किलोमीटर सांगतात. यादीत गोवा नाही, आणि तुझं भाडं वेर्णा ते बेंगळुरू, मध्ये अनमोडचा घाट. पाचशेच्या वर जाते गाडी, वाटेत भरायला हायड्रोजनचा पंप कुठाय? डिझेल संपलं तर क्लिनरला कॅन घेऊन पाठवशील, इथे ती सोयच नाही.

आणि हे काल सुचलेलं काम नव्हे हां. 2013 मध्ये टाटांनी इस्रोबरोबर तमिळनाडूत महेंद्रगिरीला हायड्रोजनची बस दाखवली होती, मग 2023 च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलला फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणाऱ्या, पहिल्या दोन बस दिल्या, ऑर्डर 15 ची होती. दहा वर्षं गेली बघ मध्ये. तू दोन वर्षं म्हणतोस!

गाडीत नेमकं काय असतं ते ऐक, तुला आवडेल. फ्युएल सेलमध्ये काही जळत नाही. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा, मध्ये पातळ पडदा आणि त्यावर प्लॅटिनमचा थर. हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन तारेतून फिरून येतात, तीच वीज, तिच्यावर मोटर चालते आणि सायलेन्सरच्या जागी नुसती वाफ. सोबत एक बॅटरी लागतेच, कारण सेलला एकसारखा लोड बरा वाटतो, चढावर एकदम जोर लागला की तो बॅटरी देते आणि उतारावर परत चार्ज होते. म्हणजे घाटासाठी कल्पना चांगलीय. पण डिझेल इंजिनची बरीचशी उष्णता धुरातून निघून जाते, इथे जवळजवळ सगळी रेडिएटरवर येते, आणि सेल चालतो 70-80 डिग्रीला, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात भरलेला ट्रेलर अनमोड चढताना ती बाहेर टाकायला भलामोठा रेडिएटर लागणार. वर आपली हवा! सेलला हवा स्वच्छ लागते, हायड्रोजन तर 99.97 टक्के शुद्ध. आपल्याकडे समुद्राचा खार आणि उसगाव-डिचोलीची लाल धूळ, एअर फिल्टर किती दिवस टिकेल तूच सांग. टाटा ट्रायलमध्ये दुसरा प्रकारही चालवतायत, हायड्रोजन सरळ इंजिनात जाळायचा. त्याला एवढी शुद्धता नको, शिवाय आपला मेकॅनिक इंजिन ओळखतो. मला विचारशील तर आपल्याकडे आधी हाच दिसेल.

आता पैशाचं. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण 33 युनिट ऊर्जा, म्हणजे सव्वातीन लिटर डिझेलएवढी. पण पाणी फोडून तो किलो बनवायला 50 ते 55 युनिट वीज जाते, आणि सेलमधून मोटरपर्यंत पोचते त्यातली सोळा-सतरा. तीच वीज बॅटरीत भरली असती तर कितीतरी जास्त चाकापर्यंत आली असती. म्हणून पणजी-मडगाव फिरणाऱ्या कदंबच्या बसला इलेक्ट्रिकच बरी, रात्री डेपोत लावली की झालं. खाणीवरून जेटीपर्यंतच्या टिपरलाही तेच. हायड्रोजन खरा कामाचा तो तुझ्यासारख्यांना, लांबचा पल्ला, जड माल, चार्जिंगला तासन्‌तास उभं राहायला वेळ नाही. जर्मनीच्या डाइमलर ट्रकने 2023 मध्ये द्रवरूप हायड्रोजनच्या एका भरण्यात 1047 किलोमीटर काढले, पण तो हायड्रोजन उणे 253 डिग्रीला ठेवावा लागतो! आणि अमेरिकेतली हायड्रोजन ट्रक बनवणारी निकोला कंपनी, जिचा केवढा गाजावाजा, ती फेब्रुवारी 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. गाडी बनली म्हणून धंदा चालतोच असं नाही रे.

हां, एक गोष्ट मात्र मला आवडते. बसमध्ये हायड्रोजनच्या टाक्या बहुतेक छतावर ठेवतात, गॅस हलका, गळला तरी वरच्या वर उडून जातो. म्हणजे छताचा सांगाडा तेवढं वजन पेलणारा हवा. आपल्या सत्तरीत होंड्याला एसीजीएलच्या कारखान्यात इतकी वर्षं बसच्या बॉड्या बनतायत, तिथे हायड्रोजनच्या बनतात असं मी म्हणत नाही, पण अशा कामाची माणसं आपल्याकडे आहेत. तुझ्या धाकट्याला आयटीआयनंतर काय करू विचारायचं असेल तर हाय व्होल्टेज आणि गॅस सिलिंडरचं काम शिक म्हणावं, इलेक्ट्रिक येवो नाहीतर हायड्रोजन, दोन्हीकडे उपयोगी.

तू बीएस-6 डिझेल घे, पण कर्ज लांबवू नकोस, चार-पाच वर्षांत फेडून मोकळा हो. त्या 16 गाड्यांचं काय होतं ते मी बघतोच आहे. चवथीला येशील तेव्हा कोटेशन घेऊन ये, टायर आणि इन्शुरन्सच्या नावाखाली काय काय घातलंय ते बसून बघू. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा,
दिनू
फोंडा