पावसाळी रानभाज्यांबद्दल नंदिनीस पत्र

प्रिय नंदिनी,

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. बदलापूरला घर घेतलंस ते पावसाच्या तोंडावर, हे उत्तम झालं. स्टेशनबाहेर फडक्यावर भाज्या मांडून बसणाऱ्या ठाकर-कातकरी आदिवासी बायकांकडे आता दोन-अडीच महिने जे येईल, ते इतर वेळी कुठल्याही मंडईत मिळत नाही. तू विचारलंस, नेमकं काय घ्यायचं आणि कसं करायचं. जरा सविस्तरच लिहिते, कारण या भाज्या अर्धवट माहितीवर केल्या की घरातले एकदाच खातात आणि पुन्हा नाव काढत नाहीत.

एक गोष्ट आधी लक्षात घे. जवळजवळ प्रत्येक रानभाजीत एक खोड असते. कुणाला खाज, कुणाला कडवटपणा, कुणात माती, कुणाचा मधला दांडा चिवट. आणि त्या खोडीवरचा उपायही लोकांनी शोधून ठेवलेला आहे. म्हणून या भाज्यांत ‘आज चिंच नाही, राहू दे’ असं चालत नाही. मसाला हवा तो घाल, पण उपाय वगळू नकोस.

सगळ्यात आधी येतात ती शेवळं. पहिल्या सरींच्या आगेमागे, मेअखेर ते जून, आणि लगेच संपतातही. हा सुरणाच्या कुळातल्या कंदाचा फुलोरा. तपकिरी-जांभळ्या, मिटलेल्या, टोकदार कळ्यांची जुडी घे, उमललेली नको. विकणारीकडेच छोटी हिरवी आंबट फळं असतील, ती काकडं. ती बरोबर घेतल्याशिवाय उठू नकोस.

शेवळात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, तेच जिभेला आणि घशाला टोचतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे कितीही धुतलंस तरी खाज जात नाही. ती कमी होते ती नीट साफ करण्याने, तेलात भरपूर परतण्याने आणि आंबटात शिजवण्याने. तिन्ही हवं.

२० शेवळं घेतलीस तर १२ ते १५ काकडं लागतील. हाताला तेल लावून बस, शेवळं कोरडी असू देत. बाहेरचं जून आवरण काढ. आत एक दांडा दिसेल. त्याच्या खालच्या बाजूचा पिवळा, दाणेदार भाग पूर्ण कापून टाक. सगळ्यात जास्त खाज तिथेच असते आणि भाजी बिघडते ती बहुधा इथेच घाई केल्यामुळे. वरचा गुळगुळीत दांडा आणि आतलं कोवळं आवरण अगदी बारीक चिर. काकडं किंचित ठेचून दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळ, कुस्करून बिया काढ आणि पाणी गाळून ठेव. काकडं मिळालीच नाहीत तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ किंवा सात-आठ आमसुलं चालतील, पण काकडाचा तुरटसर आंबटपणा या भाजीला जास्त शोभतो.

अर्धी वाटी चणाडाळ तीन-चार तास भिजवून वेगळी शिजवून घे. वेगळी म्हणजे वेगळीच. आंबट पाण्यात कच्ची डाळ टाकलीस तर ती तासभर उकळूनही टणक राहते. शेवळाला आंबट लागतं आणि डाळीला ते चालत नाही, म्हणून दोघांची गाठ शेवटी घालायची.

कढईत चार मोठे चमचे तेल. कमी करू नकोस, ही भाजी तेल मागते. दोन कांदे आणि पाच-सहा लसूणपाकळ्या परतून झाल्या की चिरलेली शेवळं घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं परत. जांभळा रंग जाऊन भाजी तपकिरी आणि कोरडी व्हायला हवी. मग काकडाचं पाणी घाल आणि मंद आचेवर १५ ते २० मिनिटं उकळू दे. इथे थांबून चव बघ. अगदी थोडी भाजी जिभेच्या टोकावर ठेव आणि दोन-तीन मिनिटं वाट पाहा, कारण खाज लगेच कळत नाही. चुरचुरलं तर आणखी आंबट घालून दहा मिनिटं उकळ. ठीक असेल तर शिजलेली डाळ, तिखट, मीठ, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं अर्धी वाटी वाटण आणि गुळाचा छोटा खडा. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांतून डाळीऐवजी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, किंवा ओली कोलंबी घालतात आणि ती भाजी खरोखर अप्रतिम होते. सोडे १५ मिनिटं भिजवून वाटणाबरोबर घाल. ओली कोलंबी मात्र शेवटची पाच मिनिटं, नाहीतर वातड होते.

शेवळांचे दिवस थोडे असल्यामुळे जास्त मिळाली तर साफ करून, चिरून, तेलात परतून डब्यात भर आणि फ्रीझरमध्ये ठेव. आंबट नंतर करताना घाल.

अळूचंही हेच गणित, खाज आहे म्हणून आंबट हवं. काळ्या देठाचं जाड पान वडीला, हिरवट देठाचं भाजीला. फदफद्यासाठी, म्हणजे अळूच्या पातळ भाजीसाठी, दहा-बारा पानं, देठांचे दोरे सोलून, सगळं बारीक चिरून. पाव वाटी चणाडाळ आणि मूठभर शेंगदाणे चार तास भिजवलेले. कुकरमध्ये दोन भांडी लाव: एकात डाळ-दाणे साध्या पाण्यात, दुसऱ्यात अळू थोड्या चिंचेच्या कोळासह. मिळाल्यास आंबट चुक्याची अर्धी जुडी अळूतच टाक, फारच छान लागते. शिजलेलं अळू गरम असतानाच चमचाभर बेसन लावून घोट. बेसन नसेल तर पाणी आणि पाला वेगळे होतात. मग फोडणी, डाळ-दाणे, उरलेली चिंच, गूळ, गोडा मसाला, आणि दहा मिनिटं सणसणीत उकळी. भाद्रपदात ऋषीच्या भाजीत अळूबरोबर अंबाडे किंवा चिंच असते, तीही याच कारणाने.

मूतखड्याचा त्रास असलेल्यांना मात्र शेवळं आणि अळू आग्रहाने वाढू नकोस. ऑक्झॅलेट त्यांना नकोच. आणि कुणाचा घसा खवखवलाच तर कोकमाचं सार किंवा आंबट ताक दे.

आता पालेभाज्या. टाकळा रस्त्याकडेला कुठेही उगवतो, पण तिथला खुडू नकोस, गाड्यांचा धूर आणि गटाराचं पाणी त्यावर असतं. विकत घेताना वीतभर उंचीचीच रोपं घे. फुलं धरली की पान चिवट आणि कडू होतं. फक्त पानं खुडायची, देठ नाही. भरपूर लसूण, कांदा, भिजवलेली मूगडाळ, आणि झाकण न ठेवता शिजवायचा; झाकला की त्याचा उग्र वास भाजीतच राहतो. कोकणात यात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घालतात, तू जरूर घाल. मीठ पाला बसल्यावरच टाक, कारण चार वाट्यांची एक वाटी होते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं.

फोडशी गवतासारखी दिसते. काहीजणी तिला कुलूची भाजी म्हणतील. पांढऱ्या बुडाशी माती अडकलेली असते, म्हणून पाती सुट्या करून तीन-चार पाण्यांतून काढ आणि मग चिर. मधे कडक दांडा लागला तर फेकून दे. चव सौम्य, कांद्याच्या पातीच्या जवळची, त्यामुळे मसाला घालून ती मारू नकोस. हिरवी मिरची, कांदा, थोडी डाळ, ओलं खोबरं, बस. उरलेली बारीक चिरून थालीपिठात घाल.

भारंगीचा कडवटपणा पाण्यात उतरतो. कोवळी पानं चिरून पाच-सात मिनिटं उकळ, पाणी ओत, पानं घट्ट पिळ. मग सोललेल्या वालांबरोबर किंवा मूगडाळीबरोबर परत. किंचित कडू राहील, ते राहू दे. सगळा कडूपणा घालवायला दोनदा उकळलीस तर हातात नुसता चोथा उरेल.

कर्टोल्यांचं फार लिहीत नाही. हिरवी, घट्ट, बी कोवळं असलेली घे, पिवळी पडलेली नको. पातळ काप करून तेलात उघडीच परत, मीठ शेवटी. आधी मीठ घातलंस तर पाणी सुटतं आणि काचऱ्या कुरकुरीत होत नाहीत.

ओळख पटल्याशिवाय कुठलाही पाला स्वतः खुडू नकोस. रानात खाण्याच्या भाज्यांच्या शेजारीच कळलावीसारखी विषारी वेलही उगवते. भाजीवाल्या मावशींना विचार, त्या कशात काय घालतात ते अगदी मोकळेपणी सांगतात आणि त्यांचं ज्ञान तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी पुढचं आहे. भाव मात्र करू नकोस. पहाटे डोंगरात फिरून गोळा केलेली जुडी असते ती. आणि फोडशी कंदासकट उपटलेली दिसली तर घेऊ नकोस, वरून कापलेलीच माग. कंद राहिला तरच पुढच्या वर्षी त्या जागी भाजी येईल.

शेवळं या आठवड्यात मिळतील, तेव्हा काकडांची विचारणा उद्याच कर. भाजी केलीस की आंबट किती लागलं ते कळव, म्हणजे तिकडच्या काकडांचा अंदाज मलाही येईल.

तुझी,
वैशाली